श्रुतलेखन

फटाका वाजला की माझी नजर आवाजाकडे जात नाही, मुलांकडे जाते. ही खोड मला उतारवयात लागली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या जळगावच्या गल्लीत मुले सुतळी बॉम्ब लावतात, कानांत बोटे घालून मागे पळतात, आणि मी ओट्यावर पणत्यांत तेल घालता घालता मनाशी नोंद करीत असते: हा दचकला, ती दचकली, तो धाकटा आजीच्या पदराआड गेला. सूनबाई हसून म्हणते, "आई, निवृत्त झालात ना? आता तरी मुलांची हजेरी घेणं सोडा."

तिला मी अजून कारण सांगितलेले नाही. ते सांगायचे तर 1983 सालच्या दिवाळीपर्यंत मागे जावे लागेल, आणि सणासुदीला ते कोण काढते! पण लिहायला मात्र दिवाळीइतकी सवड दुसऱ्या कुठल्या दिवसांत मिळत नाही.

डी. एड. होऊन मी 1981 साली जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. पारोळा तालुक्यातले खेडे, दोन खोल्यांची शाळा, आम्ही दोघे शिक्षक. मी जळगाव शहरात वाढलेली. आमच्याकडे कानावर पडे ती लेवा बोली. इकडे सगळा अहिराणीचा कारभार. पहिले दोन महिने मुले माझ्याकडे आणि मी मुलांकडे पाहत राहिलो. मी "तुझं नाव काय आहे?" म्हणायची, आणि पोर नुसते बघत उभे राही. "तुनं नाव काय शे?" असे विचारायला मी शिकले तेव्हा वर्गाला वाचा फुटली. या एका गोष्टीचा मला त्या काळी फार अभिमान वाटे. मुलांच्या बोलीत शिरले म्हणजे मुलांच्या मनात शिरले, असा माझा समज होता.

तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव लिहीत नाही. त्याची परवानगी घेतलेली नाही. आठ वर्षांचा, अंगाने काटक, डोळे मोठे आणि सारखे माझ्या तोंडाकडे लागलेले. त्याचा डावा कान बारा महिने वाहत असे. कानात कापसाचा बोळा, त्याला वास, म्हणून शेजारी कोणी बसायला तयार नसे. मी त्याला मागे, दाराजवळ बसवले. वाऱ्यावर वास जाईल, बाकीच्या मुलांचे लक्ष उडणार नाही, एवढाच माझा विचार. त्या वेळी तो मला व्यवस्थितपणाचा वाटला होता.

आठवड्यातून दोनदा मी शुद्धलेखन घाली. हातात पुस्तक घेऊन रांगांतून फिरत एकेक वाक्य सांगायचे आणि मुलांनी पाटीवर उतरवायचे, ही पद्धत मला माझ्या शिक्षकांनी शिकवली आणि त्यांना त्यांच्या. त्या दिवशी वाक्य होते, 'माझी माय शेतात जाते.' त्याने लिहिले, 'माझी पाय शेतात जाते.' मी ते मोठ्याने वाचले. वर्ग हसला. तोही हसला. वर्ग हसतो आहे म्हणून हसला हे आज कळते. त्या दिवशी मला तो उद्धटपणा वाटला. आईची थट्टा करतोस? म्हणून मी छडी घेतली. तीन मारल्या. "पुन्हा करशील?" तो मान डोलवून म्हणाला, "हा बाई." मला अधिकच राग आला आणि चौथी बसली.

'हा बाई' हे त्याचे ठरलेले उत्तर होते. समजले का? हा बाई. पाटी विसरलास? हा बाई. उद्या येणार का? हा बाई. मी त्याच्या नावापुढे मनात 'मठ्ठ' असा शेरा मारून मोकळी झाले. आमच्या डी. एड. च्या मानसशास्त्रात मंद, सामान्य आणि कुशाग्र अशी तीन प्रकारची मुले होती. त्यांतला पहिला प्रकार मला सापडला, एवढेच.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी त्याच्या आईला बोलावून विचारले, "याला ऐकायला कमी येतं का हो?" हे विचारण्याइतकी शंका मला आली होती, हे मी स्वतःच्या बाजूने नमूद करते, आणि ती शंका किती स्वस्तात फिटली तेही सांगते. माउली म्हणाली, "नही हो बाई, फटाका वाजना का पयस ना तो घरमां! बहिरा कसा ऱ्हाई?" मला पटले. फटाक्याला पळणारे मूल बहिरे कसे असेल? कानात गरम तेल घालत जा, असा सल्लाही मी वर दिला. पडद्याला भोक पडलेल्या कानात तेल घालणे घातक असते हे मला कोणी सांगितले नव्हते. आईला ते करायला आणखी कोणी सांगायची गरजही नव्हती. ती लसूण जाळून घालीतच होती.

आता यातले साधे शास्त्र सांगते. फटाक्याच्या आवाजाला आपल्या कायद्याने मर्यादा घातली आहे ती 4 मीटरवर 125 डेसिबलची. माणसाचे साधे बोलणे साठाच्या आसपास असते. वाहणाऱ्या कानाच्या मुलाला बहुधा ठार बहिरेपण नसते. कानात बोटे घालून ऐकावे तसे त्याला ऐकू येते. ढोल ऐकू येतो, रागावलेले ऐकू येते, फटाका तर येतोच. गळून जातात ती हळू अक्षरे, पाठ फिरवून बोललेली वाक्ये, आणि दुरून मारलेली हाक. सर्दी झाली की कमी ऐकू येते, उन्हाळ्यात जरा बरे. म्हणजे घरच्यांना वाटते, याच्या मनात असेल तेव्हा याला ऐकू येते! शिक्षकालाही तेच वाटते. असे मूल माणसांच्या ओठांवर जगते. आणि ओठांवर 'म', 'प' आणि 'ब' ही तिन्ही अक्षरे अगदी एकसारखी दिसतात. आरशासमोर उभे राहून आवाज न करता 'माय', 'पाय', 'बाय' म्हणून पाहा. ब्रह्मदेवालाही फरक सांगता येणार नाही.

हे मला कळले 2003 साली. मधल्या वीस वर्षांत माझ्या पाच बदल्या झाल्या. तो मुलगा चौथीनंतर शाळेतून गेला तो गेलाच. जग मात्र थांबले नव्हते. अपंग मुलांना साध्या शाळेत घेण्याची केंद्र सरकारची योजना 1974 सालीच निघाली होती. मी छडी उगारली त्याच 1983 साली मुंबईत वांद्र्याला श्रवणदोषांसाठी राष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिला अली यावर जंग यांचे नाव आहे. 1995 साली अपंगांचा कायदा आला. यातले काही म्हणजे काही आमच्या दोन खोल्यांच्या शाळेपर्यंत पोहोचले नव्हते. पोहोचला तो सर्व शिक्षा अभियानातल्या प्रशिक्षणाचा कागद.

तालुक्याच्या गावी तीन दिवसांचे वर्ग. पोहे, चहा, सह्या, प्रवासभत्त्याचा अर्ज, हे सारे यथासांग. आम्ही चाळिशीतल्या बायका मागच्या बाकांवर बसून कोणाच्या मुलीचे कुठे जमले याची चौकशी करीत होतो. शिकवायला आलेली मुलगी पंचविशीची असेल. कर्णबधिरांना शिकवण्याची पदविका घेतलेली, आवाज बारीक. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना कापूस वाटला. खानदेशात कापसाला काय तोटा! "कानांत घाला आणि वर हात दाबून धरा," म्हणाली. मग तिने फळ्याकडे तोंड करून काहीतरी सांगितले, वळली, आवाज न करता दहा शब्द ओठांनी म्हटले आणि खुणेने सांगितले, लिहा.

आम्ही लिहिले. वह्या एकमेकींना दाखवून खूप हसलो. तिने 'माती' म्हटले होते, माझ्या शेजारणीने 'पाटी' लिहिले होते. सातवा शब्द तिने फळ्यावर लिहिला: माय. माझ्या वहीत माझ्याच वळणदार अक्षरांत 'पाय' होते.

सगळ्या हसत होत्या. मी कानांतला कापूस काढायलाच विसरले. मला वर्ग हसताना दिसत होता आणि ऐकू काही येत नव्हते, आणि मीही हसत होते. का, ते मला ठाऊक नव्हते. सगळे हसतात म्हणून.

त्यानंतर मी त्याला शोधायला गेले, असे लिहायला मला आवडले असते. मी गेले नाही. बदली दुसऱ्या तालुक्यात आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, तो कुठे असेल कोण जाणे. कारणांना काय कमी! त्याऐवजी मी त्या विषयाच्या मागे लागले. मिळेल ते वाचले, विशेष शिक्षकांच्या पाठीमागे फिरले, आणि पुढे शिक्षकांच्या प्रशिक्षणात साधनव्यक्ती म्हणून उभी राहू लागले. प्रायश्चित्त परस्पर उरकता आले तर माणसाला बरेच असते. 2018 साली निवृत्त झाले, तरी अजूनही धुळ्याकडून बोलावणे येते आणि मी जाते.

जळगाव-धुळे एस. टी. चा रस्ता मला आता पाठ आहे. एरंडोल येते, पारोळा येते. पारोळ्याला मी खिडकीबाहेर पाहायचे टाळते. अमळनेर या रस्त्यावर लागत नाही, थोडे आडवाटेला राहते, तरी तिकडचा फाटा दिसला की साने गुरुजींची आठवण होतेच. 1924 ते 1930 ते तिथल्या हायस्कुलात होते. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांच्यासाठी हाताने लिहून छात्रालय-दैनिक काढीत. आणि धुळे आले की तुरुंग आठवतो. 1932 साली तिथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. 'गीता प्रवचने' हे आपल्या भाषेतले थोर श्रुतलेखनच म्हणायचे. परंतु माझ्या शिक्षकी डोक्यात नको तो विचार येतोच: त्या रविवारी मागच्या रांगेत एखादा कमी ऐकू येणारा कैदी बसला असेल का?

धुळ्याच्या वर्गांतली माणसे तरुण, हुशार, आणि कंटाळलेली असतात. भिंतीवर तक्ता असतो. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले: स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली, आमच्या सातपुड्याकडच्या आदिवासी मुलांत आढळणारा सिकलसेलही आला. सगळे वह्या काढून एकवीस नावे उतरवून घेतात. ती पाठ असावीत, माझे काही म्हणणे नाही. पण नाव देण्याचे काम डॉक्टरांचे आहे. शिक्षकाने पाहायचे आणि पाहिले ते लिहून ठेवायचे: हाक मारल्यावर कुठल्या बाजूने वळतो, फळ्यावरून उतरवतो आणि तोंडी सांगितले की अडतो का, की उलट तोंडी सगळे येते आणि 'घ' अन् 'ध' मध्ये रोज गोंधळतो. 'मठ्ठ' हा शेरा लिहायला एक शब्द लागतो. त्याऐवजी चार ओळी लिहा, एवढेच मी सांगते.

एकदा शिरपूर तालुक्यातला, सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेतला एक शिक्षक उठला. "मॅडम, माझ्याकडे एक मुलगी आहे, वर्ष झालं, एक शब्द बोलत नाही. मी तिचं नाव मतिमंदांच्या यादीत घातलंय." घरी काय बोलतात, विचारले. "पावरी." तुम्हाला येते? "नाही." वर्गात हशा पिकला, तो बिचारा कानकोंडा झाला. मला मात्र हसू आले नाही. मी त्याला सांगितले, आधी तिच्या भावंडाला शेजारी बसवा, पावरीत दहा शब्द शिका, मग काय ते ठरवा. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. भाषेचाच प्रश्न आहे, शिकेल हळूहळू, असे म्हणत आपण एखाद्या मुलाची खरी अडचण तीन-तीन वर्षे झाकून ठेवतो. दोन्ही एकाच मुलात असू शकतात. याला कापसाच्या बोळ्यासारखी सोपी युक्ती माझ्यापाशी नाही.

दुसरा एक तरुण मास्तर जरा तडकून म्हणाला, "बाई, दोन वर्ग एकत्र, एकटा शिक्षक, वर खिचडीचा हिशोब. एका मुलासाठी काय काय करू?" याचे पूर्ण उत्तर मी आजवर देऊ शकलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली प्राथमिक शाळांत अशा दर 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यावरच्या इयत्तांत 15 मुलांमागे एक, असे प्रमाण घालून दिले. ते प्रत्यक्षात येईपर्यंत एक विशेष शिक्षक मोटारसायकलवर गावोगाव फिरत राहणार आणि तुमच्या वर्गात आठवड्यातला एखादा तास येणार. उरलेल्या वेळी ते मूल तुमचेच. तीन दिवसांच्या प्रशिक्षणाने कोणी तज्ज्ञ होत नाही, हेही मी त्याला कबूल केले. मग विचारले, "तुम्ही वर्गात उभे कुठे राहता?" तो म्हणाला, "दारात." आपल्याकडे सगळेच दारात उभे राहतात; वारा लागतो. पाठीमागे खानदेशचे ऊन, त्यामुळे मास्तरांचे तोंड मुलांना काळे ठिक्कर दिसते. ओठ वाचणाऱ्याने वाचावे काय? समोरच्या भिंतीशी या, उजेड तोंडावर घ्या, फळ्याशी बोलू नका, त्या मुलाला पुढे, बरा कान तुमच्याकडे होईल असा बसवा. आणि 'समजलं का?' हा प्रश्न विचारू नका. 'मी काय म्हटलं?' असे विचारा. याला सरकारी मंजुरी लागत नाही. तो हसला आणि लिहून घेऊ लागला.

कापसाचा खेळ मी दर वर्गात घेते. एका वर्षी त्यात एक मजाच झाली. सुटे शब्द सगळ्यांचे चुकले, पण वाक्ये सांगितली तेव्हा साठीला टेकलेल्या एका मुख्याध्यापकांनी अक्षरन् अक्षर बरोबर लिहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, दोन वर्षं झाली, मला कमी ऐकू येतं. अजून घरातही सांगितलं नाही. सवयीनं निभावतो." शिकलेला, वर्ग सांभाळणारा पुरुष जे दोन वर्षे लपवून ठेवतो, ते आठ वर्षांच्या पोराने बाईंना येऊन सांगावे, अशी माझी अपेक्षा होती.

त्याच वर्षी तो सापडला. वर्गात त्या खेड्यातली एक शिक्षिका आली होती. मी गावाचे नाव काढले, ती गल्लीतली माणसे सांगू लागली, आणि बोलता बोलता तीच म्हणाली, "तो ना? तो आता इथंच असतो, धुळ्याला. जिनिंगमध्ये." आता कारणे संपली होती. संध्याकाळी रिक्षा करून मी गेले.

पन्नाशीचा माणूस, मिशा पिकलेल्या, अंगावर सरकीचे तंतू. मला त्याने लगेच ओळखले. ओट्यावर सतरंजी टाकली, बायकोला हाक मारली, "बाई उन्यात, मन्या बाई!" मला आत कुठेतरी तुटले. दुसरीतली नात पुढे करून म्हणाला, "पाया पड. यास्नी माले शिकाडं." मी काय शिकवले होते याला? तो मोठ्या आवाजात बोलत होता. मी काही म्हणाले की डोके जरा उजवीकडे कलवून माझ्या तोंडाकडे बघे. तेच मोठे डोळे. कानाला यंत्र नव्हते. विचारले तर म्हणाला, एकदा शिबिरात मिळाले होते, जिनिंगच्या घरघरीत नुसता गोंगाट होतो, ठेवून दिले. जिनिंगच्या आवाजाने बाकीचे कामगार वैतागतात, त्याला त्याचे काही नाही, असे म्हणून तो स्वतःच हसला.

चहा झाला. बायको आत गेली. दिवेलागणीची वेळ, ओट्यावर अंधारून आले होते. मी खाली मान घालून बोलले. जे वीस वर्षे तयार केले होते ते सगळे बोलले: शुद्धलेखनाचे, दाराजवळच्या जागेचे, तेलाचे, चार छड्यांचे. आवाज मला वाटले त्याहून लहान निघाला असावा. बोलून झाल्यावर मान वर केली.

तो माझ्याकडे पाहत होता. मान डोलवून, अगदी मनापासून म्हणाला, "हा बाई. हा बाई."

उजेड माझ्या पाठीमागे होता. 'मी काय म्हटलं?' असे त्याला विचारायला हवे होते. शेकडो शिक्षकांना मी ते शिकवले आहे. माझ्याने विचारवले नाही. मी त्याच्या नातीला जवळ घेतले आणि तिच्या पाठीमागून, ओठ न दिसतील असे, अगदी हळू तिचे नाव घेतले. ती चटकन वळली. "काय आजी?" म्हणाली. मी तिच्या हातावर खाऊचे पैसे ठेवले आणि शेवटची गाडी गाठायला निघाले.

यंदा तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा धुळ्याला वर्ग आहे. कापूस आणून ठेवला आहे. या खेपेला एक दिवस आधी जाणार आहे, आणि त्याच्याकडे सकाळी जाणार आहे, उजेड असताना.